दुकान कुणाच्या नावावर?

आमच्या गावच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडकडून येताना डाव्या हाताला, दोन भावांचं एक किराणा-भुसार दुकान होतं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी त्या दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. गिलावा करायलाही कुणी थांबलं नाही. मागची बरण्यांची लांबलचक फळी करवतीने कापली, आणि तिचं एक टोक पुढे कित्येक महिने भिंतीतून वीतभर बाहेर आलेलं दिसायचं. पाटी एकच होती. ती धाकट्याने आपल्या बाजूला घेतली. थोरल्याने नवी रंगवून घेतली, तिच्यावर 'बंधू' हा शब्द नव्हता. आई तेल एकाकडून आणायची, डाळी-साखर दुसऱ्याकडून. खातं दोन्हीकडे. वाईटपणा नको.

याला आपण भाऊबंदकी म्हणतो आणि ती खास आपलीच आहे अशी आपली एक समजूत असते. माझीही होती. मग नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या उत्तर भागात राहिलो आणि दर शनिवारी 'मार्केट बास्केट' नावाच्या सुपरमार्केटात जायला लागलो. त्या भागातल्या मराठी घरांत महिन्याचं सामान दोन ठिकाणांहून येतं. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला देशी दुकानातून. दूध, भाज्या, अंडी, फळं इथून, कारण इथे स्वस्त मिळतं. पुरुष कर्मचारी पांढऱ्या शर्टावर टाय लावून उभे. स्वतःचं बिल स्वतः करायची यंत्रं नाहीत. बिल माणूस करतो, पिशव्या दुसरा माणूस भरतो. इतक्या मोठ्या साखळीत पेठेतल्या दुकानाचा वास कसा काय टिकला याचं मला कुतूहल होतं. त्या कुतूहलापोटी तिच्या मालकांचा, डेमूलस घराण्याचा इतिहास वाचत गेलो आणि तिथेही मला ती विटांची भिंत सापडली. फक्त ती अब्जावधी डॉलरची होती.

या गोष्टीच्या मध्यभागी आहेत टेलेमॅकस डेमूलस. सगळे त्यांना माइक म्हणत. वडील आथानासिओस १९०६ साली ग्रीसमधल्या कलंबाकाहून अमेरिकेत आले आणि लॉवेलमध्ये स्थिरावले. लॉवेल म्हणजे अमेरिकेचं गिरणगाव: मेरिमॅक नदीच्या काठाने कापडगिरण्यांच्या विटांच्या इमारतींची रांग, आणि मागे 'एकर' नावाची कामगारवस्ती, आधी आयरिश लोकांची, मग ग्रीकांची. या वस्तीत १९१७ साली आथानासिओस आणि त्यांच्या पत्नी एफ्रोसिनी यांनी छोटं दुकान टाकलं. ताजं कोकराचं मांस ही त्यांची खासियत. गिऱ्हाईक सगळं गिरणीकामगार. मंदीच्या वर्षांत गिरण्यांची कामं गेली तेव्हा नवराबायकोने लोकांना उधार दिलं. कामगारवस्तीतल्या किराणा दुकानदाराला दुसरा पर्याय नसतो, हे परळ-लालबागच्या वाण्यांनाही विचारावं. उधारी थांबवली तर गिऱ्हाईक मोडतं, चालू ठेवली तर दुकान. डेमूलसांचं दुकान मोडायलाच आलं होतं. १९३८ साली शंभर डॉलरच्या थकबाकीपायी बँक जागा ताब्यात घ्यायला निघाली आणि माइकने शाळा सोडून दुकानात उभं राहायचं ठरवलं. दुकान वाचलं.

१९५४ साली माइक आणि त्यांचा भाऊ जॉर्ज यांनी आईवडिलांकडून दुकान १५,००० डॉलरला विकत घेतलं. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे बापाचं दुकान पोराकडे आपोआप येतं. कधी आलं, कितीला आलं, कुणाच्या वाट्याला किती आलं, हे कुणी विचारत नाही आणि विचारणारा वाईट ठरतो. इथे सख्ख्या मुलांनी पैसे मोजले. पुढच्या पंधरा वर्षांत दोघांनी एका दुकानाची पंधरा दुकानं केली. दोघांचा हिस्सा निम्मानिम्मा, आणि एकमेकांना दिलेला शब्द असा, की एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसरा त्याच्या कुटुंबाला सांभाळेल.

१९७१ साली जॉर्ज कुटुंबासह ग्रीसला सुट्टीवर गेले असताना हृदयविकाराने वारले. वय पन्नाशीच्या आसपास. मागे बायको आणि चार मुलं.

माइकनी त्यांना सांभाळलं का? खर्चाला पैसे मिळत होते, कागद आले की सह्या होत होत्या. काकांवर विश्वास होता. १९९० साली जॉर्जच्या कुटुंबाने कोर्टात धाव घेतली तेव्हा निम्म्या हिश्शाऐवजी त्यांच्याकडे राहिला होता जेमतेम ८ टक्के. ९२ टक्के माइकच्या घरात. शिवाय नवी दुकानं मूळ कंपनीऐवजी माइकच्या शाखेच्या मालकीच्या वेगळ्या कंपन्यांकडे वळवली, असा दुसरा आरोप होता. खटला वर्षानुवर्षं चालला. दोन चुलतभाऊ, दोघांचंही नाव आजोबांवरून आर्थर (आथानासिओसचं अमेरिकी रूप), माइकचा मुलगा आर्थर टी. आणि जॉर्जचा मुलगा आर्थर एस., कोर्टाच्या आवारात हातघाईवर आले. निकाल जॉर्जच्या बाजूने लागला, आणि १९९७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. जॉर्जच्या शाखेकडे ५०.५ टक्के मालकी आली, वर वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम. ज्या कंपन्यांकडे धंदा वळवला असं न्यायालय म्हणालं, त्यांत एकीचं नाव होतं मार्केट बास्केट.

यातली एक गोष्ट तर कादंबरीत घातली तर संपादक काढून टाकेल. निकाल विरुद्ध गेल्यावर माइकच्या बाजूच्या वकिलांनी न्यायाधीशांच्या माजी सहायकाला खोट्या नोकरीचं आमिष दाखवून मुलाखतीला बोलावलं. न्यायाधीश पक्षपाती होत्या असं त्याच्या तोंडून वदवायचा डाव होता. दोन वकिलांच्या सनदा त्यापायी गेल्या.

माइक २००३ साली वारले. गावात त्यांच्याबद्दल आजही चांगलंच बोलतात, आणि ते खोटं नाही. भाव कमी ठेवणारा, जुन्या नोकराला नावाने ओळखणारा, दुकानात स्वतः फिरणारा माणूस. गिऱ्हाइकाशी सचोटीने वागणारा दुकानदार भावाच्या पोरांचा हिस्सा कसा काय गिळतो, असं आपल्याला वाटतं. मला यात फारसा विरोधाभास दिसत नाही. आपणच सगळ्यांचं भलं करतोय असं ज्याला मनापासून वाटतं, तो हिशेब द्यायला बांधील आहोत असं मानत नाही. 'मी वाढवलं, मी राबलो, त्यांना काही कमी पडू दिलं का?' हे वाक्य मी आमच्या पेठेत, थोरल्याच्या तोंडून, शब्दशः ऐकलंय.

आपल्या कायद्यानेही या वाक्याला बरीच जागा ठेवली आहे. एकत्र हिंदू कुटुंबाचा कर्ता वाटणीच्या वेळी मागल्या सगळ्या व्यवहारांचा हिशेब द्यायला सहसा बांधील नसतो. लबाडी किंवा अफरातफर दाखवली तरच. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १९७५ सालच्या एका निकालात उलट दिशा धरली होती: मोजक्या लोकांच्या हातातल्या खासगी कंपनीत भागधारकांनी एकमेकांशी भागीदारांसारखं, पूर्ण निष्ठेनं वागलं पाहिजे. म्हणजे कंपनीचा कारभार तुमच्या हाती असताना चौकातली चांगली जागा विकायला निघाली, तर ती आधी कंपनीला सांगायची, मेव्हण्याच्या नावावर घ्यायची नाही. डेमूलस खटला याच वाटेने पुढे गेला. मला हा नियम इतका साधा आणि इतका अवघड वाटतो की तो प्रत्येक 'अँड सन्स'च्या गल्ल्यावर चिकटवावा.

इथवरची गोष्ट एका घराची. सार्वजनिक प्रश्न पुढे सुरू होतो.

माइकचे चिरंजीव आर्थर टी. २००८ साली कंपनीचे प्रमुख झाले. त्या वर्षीच्या आर्थिक पडझडीत कामगारांच्या नफावाटप निधीतले सुमारे ४६ दशलक्ष डॉलर बुडाले. ते कंपनीने भरून दिले. २०१४ साठी सगळ्या गिऱ्हाइकांना वर्षभर ४ टक्के सूट जाहीर केली. चुलतभावाच्या गटाला हे पसंत नव्हतं: पैसा भागधारकांचा आहे, तो वाटायचा अधिकार याला कुणी दिला? संचालक मंडळात बहुमत फिरलं आणि २३ जून २०१४ ला आर्थर टी. यांना काढलं. जुलैच्या मध्यापासून सहा आठवडे जे घडलं त्याला तोड नाही. ७१ दुकानं, सुमारे २५,००० कामगार, युनियन नाही. गोदामातल्यांनी माल पाठवणं थांबवलं. फळ्या रिकाम्या झाल्या. गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दुकानांतून खरेदी करून तिथल्या पावत्या मार्केट बास्केटच्या काचांवर चिकटवल्या: बघा, तुमचं किती बुडालं. त्या काचांचे फोटो मी नंतर पाहिले. पावत्यांनी दार दिसेनासं झालेलं. मागणी पगारवाढीची नव्हतीच. मागणी होती, आमचा मालक आम्हाला परत द्या. दोन राज्यांचे गव्हर्नर मध्ये पडले आणि २७ ऑगस्टला रात्री करार झाला. आर्थर टी. आणि त्यांच्या बहिणींनी चुलत घराण्याचा ५०.५ टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरच्या वर किंमत देऊन, मोठं कर्ज काढून विकत घेतला.

त्या विजयाचं कौतुक जगभर झालं. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवला जातो. मला त्यात पहिल्यापासून एक गोष्ट खुपते. पंचवीस हजार माणसांनी आपली रोजीरोटी पणाला लावून एका भावाकडून काढून दुसऱ्या भावाकडे जे सोपवलं, त्यातला एकही शेअर त्यांच्या नावावर झाला नाही. संचालक मंडळात एक खुर्ची मिळाली नाही. मिळाला तो चांगला मालक. चांगला मालक मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे, मी ते नाकारत नाही. पण माइकची सगळी कहाणी समोर असताना पुन्हा शब्दावरच भरवसा? जॉर्जच्या बायकोनेही शब्दावरच भरवसा ठेवला होता.

त्याची परीक्षा अकरा वर्षांनी झाली. २८ मे २०२५ ला संचालक मंडळाने आर्थर टी. यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि सप्टेंबरात, मध्यस्थी फिसकटल्यावर, काढून टाकलं. यावेळी समोर चुलतभाऊ नव्हता. तिन्ही सख्ख्या बहिणी होत्या. भावाकडे सुमारे २८ टक्के, बहिणींकडे मिळून सुमारे ६० टक्के. मंडळाचं म्हणणं, भाऊ कारभाराची माहिती देत नाही, मंडळाला जुमानत नाही आणि आपल्यामागे आपलीच मुलं बसवू पाहतो. भावाचं म्हणणं अर्थातच उलट. २०१४ सारखी उठावणी मात्र झाली नाही. काही निष्ठावंत अधिकाऱ्यांनाही जावं लागलं, थोडी निदर्शनं झाली, पण ट्रक चालू राहिले.

तिकडच्या मराठी मित्रांशी यावर बोललो तेव्हा बहुतेकांचा सूर एकच: 'बहिणींना काय गरज होती? एवढं मिळतंय ना घरबसल्या.' हे ऐकून मला आपलं तलाठी कार्यालय आठवलं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी वडील गेले की तेराव्याच्या आसपास बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं आणि ती सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटतं. साडी-चोळी होते, भाऊ डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, ताई, घर तुझंच आहे. घर तिचं असतं; सातबारा नसतो. डेमूलस बहिणींनी हक्कसोड केली नाही एवढाच त्यांचा गुन्हा असेल, तर तो मला गुन्हा वाटत नाही. साठ टक्के ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हिशेब मागितला तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? त्यांच्या काकूने वीस वर्षं मागितला नव्हता, त्याचं काय झालं ते त्यांनी घरातूनच पाहिलंय.

पण बहिणींचा हक्क मान्य केला म्हणून प्रश्न सुटत नाही. दुकान भावाचं की बहिणींचं हे कोर्ट ठरवू शकतं. वीस-तीस वर्षं पहाटे चारला ट्रक उतरवणाऱ्याचं त्यात काय आहे, हे कुठलंच कोर्ट ठरवणार नाही, कारण तो फिर्यादी नाही, प्रतिवादी नाही, भागधारक नाही. माझं म्हणणं सरळ आहे. कुटुंबाचा धंदा ज्या दिवशी घरच्या माणसांच्या हातांनी चालेनासा होतो, त्या दिवसापासून त्याच्या मालकीत परक्या हातांचा लेखी वाटा असला पाहिजे. बोनस नव्हे, दिवाळीचा मिठाईचा डबाही नव्हे. शेअर. लहान असेल, पण कागदावर.

हे स्वप्नरंजन नाही. फ्लोरिडातली पब्लिक्स ही सुपरमार्केटची साखळी जॉर्ज जेन्किन्स नावाच्या किराणा दुकानदाराने १९३० साली सुरू केली. आज तिचे बहुतांश शेअर कामगारांकडे आहेत, उरलेले मुख्यतः जेन्किन्स घराण्याकडे, आणि ती मार्केट बास्केटच्या कित्येक पट मोठी आहे. इंग्लंडात जॉन स्पीडन लुईस यांनी १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बापाची दुकानं कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे सोपवली. वेटरोज ही किराण्याची साखळी त्याच ट्रस्टच्या मालकीची. दोन्हीकडे तक्रारी आहेत. काही वर्षी लुईसांच्या कर्मचाऱ्यांना बोनससुद्धा मिळालेला नाही. पण वाईट वर्षी बोनस न मिळणं वेगळं आणि मालकांच्या घरातल्या भांडणात आपलं काय होणार याची वाट बघत बसणं वेगळं.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. लॉवेलसारखंच गिरणीचं गाव असलेल्या मुंबईत, नायगावला, १९४८ साली कामगारांनी वर्गणी काढून ग्राहक सहकारी दुकान सुरू केलं, तेच पुढे 'अपना बाजार' झालं. एकेकाळी मध्यमवर्गीय मुंबईकराची महिन्याची यादी तिथेच लागायची. पुढे मॉल आणि स्वस्त साखळ्यांपुढे ते मागे पडलं. सहकाराला आपल्याकडे कुठला रोग लागला हे मराठी माणसाला मी सांगायची गरज नाही. संचालकपदाची निवडणूक लागली की दुकानातली साखर मागे पडते. म्हणून सगळं सहकारी करा असं मी म्हणत नाही. एकाने ठरवायचं आणि झटकन करायचं, ही किराणा धंद्याची गरज आहे. कांद्याचा भाव सकाळी एक असतो, दुपारी दुसरा; सभा बोलावून कांदा घेता येत नाही. माइकनी तो धंदा वाढवला तो याच जोरावर. कारभार एकाच्या हाती राहू द्या. मालकी आणि हिशेब मात्र एकाच्या हाती नको.

यावर एक चांगला आक्षेप मला आमच्या गावच्याच एका तरुण दुकानदाराने घेतला. त्याचं दुकान आता 'मार्ट' झालंय, दुसरी शाखा बायपासला निघतेय. तो म्हणाला, काका, पोरं सहा महिने टिकत नाहीत, बायपासच्या ढाब्यावर हजार रुपये जास्त मिळाले की जातात. शेअर कुणाला देऊ? खरं आहे. सहा महिन्यांच्या पोराला देऊ नकोस. पाच वर्षं राहिलेल्याला दे, आणि पाच वर्षं राहावं असं त्याला वाटण्याचं ते एक कारण होऊ दे. तो हसला. मग म्हणाला, आधी माझ्या आणि भावाच्या वाट्याचंच कागदावर नाहीये. मी विचारलं, आणि बहिणीचं? त्याने गल्ल्यातून सुट्टे काढून माझ्या हातावर ठेवले.

आमच्या पेठेतल्या त्या जुन्या दुकानात एक दिवाणजी होते. खाकी टोपी, कानावर पेन्सिल, निम्म्या गावाची उधारी तोंडपाठ. भिंत बांधली त्या आठवड्यात वाटणीची यादी झाली. तागड्या, मापं, तेलाची पिंपं, पोत्यांचा साठा, येणी, देणी, अगदी गणपतीची तसबीरसुद्धा. थोरल्याने त्यांना सांगितलं, तुम्ही धाकट्याच्या बाजूचे, तिकडे जा. धाकट्याने सांगितलं, तुम्हाला ठेवलं दादाने, त्यालाच विचारा. महिनाभर ते रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला यायचे आणि समोरच्या कापडवाल्याच्या ओट्यावर बसायचे. कुणी खात्याचं काही विचारलं तर तिथूनच सांगायचे, दोन्ही बाजूंचं.